बी परदेशातून, शैवाल मात्र दारात

मासेमारीबंदीच्या दिवसांत, समुद्र खवळलेला असताना, गोवा आणि सिंधुदुर्गाच्या खडकांवर कागदाहून पातळ, तांबूस-जांभळे पापुद्रे उगवतात. पाऊस सरला की ते दिसेनासे होतात. पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस हे या इवल्या लाल शैवालाचे शास्त्रीय नाव. सुशीभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या जपानी ‘नोरी’चे ते जवळचे नातलग.

केंद्राने २०२० मध्ये मत्स्यसंपदा योजनेत शैवालशेतीसाठी ६४० कोटी रुपये राखले आणि पाच वर्षांत सुमारे ११ लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. बियाणे अपुरे पडते, लागवडीतल्या कॅपाफायकस या लाल शैवालाचा कस घसरला आहे, हे सरकारनेही मान्य केले. उपाय म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात जिवंत शैवाल आयात करण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. राष्ट्रीय समितीची मान्यता मिळाल्यावर चार आठवड्यांत परवाना. विलगीकरणाची अट आहे, हे चांगलेच.

तरीही अनुभव विसरता येत नाही. कॅपाफायकस मूळचे फिलिपिन्सचे. १९८४ मध्ये ते जपानमार्गे आपल्याकडे आले. पुढे त्याने तमिळनाडूतील मच्छीमार स्त्रियांना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २००८ मध्ये मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवत असल्याचे संशोधकांनी नोंदवले. प्रवाळ मालवणला आहेत, आपल्या ग्रँड बेटाभोवतीही आहेत. एकदा सुटलेले शैवाल परत गोळा करण्याचा परवाना कोणतीच समिती देऊ शकत नाही.

मग देशी वाणाकडे दुर्लक्ष का? त्याची शेती अवघड, हे खरे. नोरीचेही तसेच होते. उन्हाळ्यात ती जाते कुठे, हे जपानी शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवले, की ती सूक्ष्म धाग्यांच्या रूपात शिंपल्यांच्या कवचात राहते. त्यानंतर जपानमध्ये कवचांवर बी तयार होऊ लागले आणि बेभरवशाचा धंदा उद्योग झाला.

कवचे तर आपण तिसऱ्यो खाऊन रोज फेकतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. राज्याच्या मत्स्यखात्याने तिच्या साहाय्याने आपल्या पोर्फायराचे बी कवचांवर धरण्याचा छोटा प्रकल्प पुढच्या पावसाळ्यापूर्वी आखावा. आयातीचे अर्ज त्यानंतर तपासले तरी चालतील.