रंगीत चित्रे, इंग्रजी शब्द आणि मायबोली

जून महिना जवळ आला की बाजारात इंग्रजी मुळाक्षरांचे रंगीत तक्ते, चित्रकार्डे आणि चकचकीत पुस्तके दिसू लागतात. मुलाला इंग्रजी लवकर यावे या ओढीने पालक ती विकत घेतात. महाराष्ट्रातील मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे चित्रांनी मूल खरोखर भाषा शिकते काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येक धर्मग्रामातील घराघराचा आहे.

चित्राचे सामर्थ्य जुनेच आहे. मोरावियाचे शिक्षणतज्ज्ञ बिशप कोमेनियस यांनी १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रातील वस्तूंना क्रमांक होते आणि लॅटिन शब्दांच्या शेजारी मुलांच्या परिचयाचे जर्मन शब्द होते. परकी भाषा मायबोलीचा हात धरूनच आली होती.

आपल्या तक्त्यांत नेमके हेच निसटते. 'आय फॉर इग्लू' घोकणाऱ्या वसईच्या बालकाने बर्फाचे घर कधी पाहिलेले नसते. त्याला नाव पाठ होते, अर्थ उमगत नाही. त्याऐवजी होडी, केळीचा घड, कोंबडी यांची चित्रे दाखविली तर अर्थ आधीच मनात असतो. नवा असतो तो केवळ शब्द. मग 'होडीत कोण बसले आहे?' असे इंग्रजीत विचारता येते आणि शब्दाचे वाक्य होते.

रंगांचा अतिरेकही हिताचा नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २४ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष अधिक विचलित झाले व त्यांचे शिकणे कमी झाले. अभ्यास लहान असला तरी इशारा विचार करण्यासारखा आहे.

महागडी साधने नसली म्हणून कोणी खंत करू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आपल्याच परिसरात, बोर्डी व कोसबाड येथे, पाने, बिया, शंखशिंपले यांतून बालशिक्षण उभे केले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिक्षण द्यावे, असे सांगते.

तेव्हा पालकहो, तक्ता भिंतीवर टांगून आपले कर्तव्य संपत नाही. रोज एकच चित्र घ्यावे, मुलाला मांडीवर बसवून त्याविषयी आधी मराठीत भरपूर बोलावे आणि मग इंग्रजी शब्द द्यावा. चित्र बाजारात मिळते. त्याविषयीचा संवाद मात्र घरातच घडावा लागतो.