वय उतरविणारे ध्यान?

ध्यानाने शरीराचे वय उतरते, हा गाजावाजा आता आमच्या धर्मग्रामांतही ऐकू येऊ लागला आहे. शुल्क भरावे, डोळे मिटावे आणि तरुण व्हावे! या व्यापारास आमचा स्पष्ट विरोध आहे.

आधारासाठी अनेकदा २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाचे नाव घेतले जाते. कोलोरॅडोतील तीन महिन्यांच्या शिबिरात ध्यान करणाऱ्या ३० जणांच्या रक्तपेशींत टेलोमरेज हे विकर इतर ३० जणांपेक्षा अधिक क्रियाशील आढळले. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर पेशीविभाजनागणिक झिजतात. टेलोमरेज ती झीज भरून काढते. परंतु विकराची ही मोजणी शिबिराच्या केवळ अखेरीस झाली होती. शिवाय हेच विकर बहुतेक कर्करोगपेशींतही जागे असते. मग वय उतरल्याचा दाखला कोठला?

त्याच शास्त्रातील २००४ चे संशोधन मात्र हे प्रचारक सांगत नाहीत. दीर्घकाळ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या मातांपैकी ज्यांनी ती अधिक वर्षे केली, त्यांचे टेलोमिअर अधिक आखूड आढळले. अशा मातेस तीन महिन्यांचे शिबिर कोण देणार?

ध्यान चांगलेच, आमच्या मठांतून ते शतकानुशतके चालत आले आहे. मात्र देवासमोर बसताना आयुष्याच्या वर्षांचा सौदा कसला करावयाचा? शेजारची माता झिजत असता आपल्याच पेशी जपणाऱ्यास आम्ही ध्यानस्थ म्हणणार नाही. वाचकहो, तिच्या घरी जा. रुग्णाच्या उशाशी एक रात्र बसा आणि तिला झोपू द्या.