यंत्रशिक्षकाची भाषा कोणती?

पवईच्या केंद्रीय विद्यालयातील संगणक शिक्षक दिनेश पटेल यांनी बनविलेल्या 'शालू' या यंत्रमानवाची बातमी २०२१ साली समाजबांधवांनी वाचली असेल. पुठ्ठा, लाकूड अशा टाकाऊ वस्तू वापरून सुमारे ५० हजार रुपयांत घडविलेली ही शालू ९ भारतीय भाषा बोलते, त्यांत मराठीही आहे. म्हणजे मराठी घालणे अशक्य किंवा फार खर्चाचे आहे, ही सबब आता चालणार नाही.

मुलाला यंत्राच्या पोटातल्या तारा दिसत नाहीत. ते कोणत्या शब्दांत विचारते, उत्तर न कळल्यास काय करते, हेच त्याच्यापुरते यंत्र. आपल्या ग्वाल्हेरच्या मुलांचे अर्धे वाक्य मराठी, अर्धे हिंदी. 'शाळा'ची 'शाला' तर घरोघरी झाली आहे! (आजीने टोकले तरी.) पुणेरी उच्चारांवर तयार झालेले यंत्र या मुलांना चूकच ठरवील. म्हणून आखणी चालू असतानाच आपल्या मुलांचे बोलणे त्यात जायला हवे. माधव इन्स्टिट्यूट आणि ट्रिपल आयटीएममधील आपल्या विद्यार्थ्यांना हे काम सहज हाती घेता येईल.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्याला सांगतो. हा अनुच्छेद १९५६ चा आहे. गणेशोत्सवात आपल्या मंडपात हार घालून घेणाऱ्या पुढाऱ्यांना या वेळी एवढेच विचारावे: सरकारी शाळांसाठी बोलकी यंत्रे घ्याल तेव्हा निविदेत मराठीची अट घालणार की नाही?