अभिमन्यू, गर्भसंस्कार आणि पेशींची बोलाचाली

अभिमन्यूची कथा आपल्याकडे कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. पेडणे तालुक्यात तर दशावतारी नाटकांनी ती घराघरांत पोचवली आहे. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली, आईला झोप लागली आणि बाहेर पडण्याची विद्या राहून गेली. कथा म्हणून ती थोरच आहे. पण तिच्याच आधारावर आज गर्भसंस्काराचे वर्ग, पुस्तके आणि मोबाइलवरची अ‍ॅप्स विकली जातात. गरोदर बाईला सांगितले जाते, की तू जे ऐकशील, वाचशील, तसे मूल होईल. माझा आक्षेप इथे आहे. या वाक्याची दुसरी बाजू कुणी उघड बोलत नाही, पण बाईपर्यंत ती बरोबर पोचते : मुलात काही उणे निघाले तर तूच कुठेतरी चुकलीस. अभिमन्यूच्या मरणाचा ठपकाही आपण शेवटी झोपलेल्या सुभद्रेवरच ठेवला ना?

मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण पोटात मेंदू खरोखर कसा घडतो याविषयी जे वाचले, ते मला अभिमन्यूच्या कथेइतकेच अद्भुत वाटले.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी तयार होते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि एक नळी बनते. या नळीचे पुढचे टोक म्हणजे उद्याचा मेंदू, बाकीची नळी म्हणजे मज्जारज्जू. कुठल्या पेशीने काय व्हायचे हे ठरते आजूबाजूच्या पेशींनी सोडलेल्या रासायनिक निरोपांवरून. नळीच्या खालच्या बाजूने एक प्रथिन झिरपते. त्याचे नाव 'सॉनिक हेजहॉग', चक्क एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेले! वरच्या बाजूने दुसरे निरोप येतात. शिगम्यात ढोल वाजू लागला की मांडावर उभ्या असलेल्याला तो छातीत जाणवतो आणि लांबच्या वाड्यावर नुसता ऐकू येतो. आवाजावरून आपण किती दूर आहोत ते कळते. पेशीचेही तसेच. निरोप किती जोराचा आला, त्यावरून तिला आपली जागा कळते आणि जागेवरून आपले काम. हा एक निरोप नीट पोचला नाही, तर मेंदूचे दोन अर्धगोल वेगळे होणेसुद्धा अडू शकते.

या विषयावरचे फार महत्त्वाचे काम मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे. शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूत स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. त्याच्या शेजारची पेशींची एक पट्टी निरोप धाडते आणि तो भाग घडवून घेते. टोळे यांच्या गटाने काही पेशींतून एक विशिष्ट जनुक काढून टाकला, तेव्हा त्या पेशी स्वतःच निरोप्या बनल्या. मग त्यांच्या शेजारच्या साध्यासुध्या पेशींनी, नसत्या जागी, आणखी हिप्पोकॅम्पस घडवले! म्हणजे शेजारी काय सांगतो यावर पेशीचे भवितव्य ठरते. टोळे यांना २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला हे नाव गर्भसंस्काराच्या पुस्तकांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. माणसाच्या गर्भाबाबतही आपल्याकडे काम चालू आहे : मद्रास आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये चौदा ते चोवीस आठवड्यांच्या गर्भांच्या मेंदूंचा 'धरणी' नावाचा नकाशासंग्रह जगासाठी खुला केला. त्यात मेंदूच्या ५१३२ छेदांची चित्रे आहेत.

मग आईचा आवाज बाळापर्यंत पोचतच नाही का? पोचतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाला ऐकू येते, आणि नवजात बाळ आपल्या आईचा आवाज ओळखते हे १९८० साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दाखवले. पण ओळख होते ती आवाजाची, लयीची. श्लोकाचा अर्थ किंवा युद्धशास्त्र पोटात शिकता येत नाही. आईने ओवी म्हणावी, नाट्यगीते ऐकावीत. तिला बरे वाटते म्हणून. परीक्षा म्हणून नको.

परीक्षा कसली, आपल्याकडे शिक्षाच असते. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे म्हणणारी माणसे अजून आहेत. सूर्य-चंद्राची सावली पेशींच्या निरोपात ढवळाढवळ करत नाही. ढवळाढवळ करतात त्या वेगळ्या गोष्टी, आणि त्यांविषयी आपण फारसे बोलत नाही.

पहिली गोष्ट फॉलिक अॅसिड. मज्जानळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आसपास बंद होते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नळी उघडी राहिली तर मूल जन्माला येते ते पाठीच्या कण्याचे किंवा मेंदूचे व्यंग घेऊन. असे मूल आधी झालेल्या बायकांना फॉलिक अॅसिड दिल्यास पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली दाखवून दिले. सर्वसाधारण स्त्रीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची स्वस्त गोळी पुरते, पण ती दिवस जाण्याच्या महिनाभर आधीपासून हवी. दुसरी गोष्ट आयोडीन. पहिले तीनेक महिने बाळाची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. मेंदूला लागणारे ते संप्रेरक आईकडूनच येते. तिसरी दारू. आपल्या गोव्यात 'थोडीशी घेतली तर काय' असे सहज म्हणतात, पण गरोदरपणात दारूचे कुठलेच प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. फेफऱ्यावरची काही औषधेही गर्भाला घातक ठरू शकतात. ती मनाने बंद करायची नाहीत, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यायचे.

हेही सांगितले पाहिजे, की सारे पथ्य पाळूनही कधी कधी व्यंग राहते. जनुकांचा भाग असतो, योगायोगाचाही असतो. तेव्हा ग्रहणाच्या जागी गोळीचा नवा ठपका बाईवर नको.

आमच्या मोरजीच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून जाते, त्या रात्रीपासून घरट्याला कुंपण आणि राखणदार मिळतो. तिथे वाळूची ऊब हाच एक निरोप असतो : वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर. म्हणून पहिल्या दिवसापासून राखण. आणि माणसाच्या बाळाची काळजी आपण कधी घेऊ लागतो? सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाचा झोपाळा सजवताना! तोवर मेंदूचा पाया कधीच घातला गेलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. लग्न ठरले की पत्रिका बघतो, हॉल बघतो, सोने बघतो. त्याच यादीत मुलीची रक्ततपासणी, थायरॉइडची चाचणी आणि फॉलिक अॅसिडची चौकशी लिहा. आणि मुलाच्या नावासमोर लिहा : दारू कमी, घरकामात हात जास्त. सासूबाईंनी सुनेला श्लोकांचे पुस्तक जरूर द्यावे, पण त्याआधी तिला डॉक्टरकडे घेऊन जावे. सुभद्रेला झोप आली तर तिला निवांत झोपू द्यावे. गरोदर बाईला विश्रांती लागते, आणि तिच्या झोपेत पेशींची बोलाचाली थांबत नाही.