पठण वाढले, मननाचे काय?

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी म्हणजे गीताजयंती. या पुण्यदिनी घरोघरी व देवळांतून अठराही अध्यायांचे पारायण होते. अलीकडे या पठणास मोठे सामुदायिक रूप आले आहे. कुरुक्षेत्री दरवर्षी आंतरराष्ट्रीय गीता महोत्सव भरतो. २४ डिसेंबर २०२३ रोजी कोलकात्याच्या ब्रिगेड परेड मैदानावर प्रचंड जनसमुदायाने एकमुखाने गीता म्हटली. एप्रिल २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीतही गीतेला स्थान मिळाले. भाविकांना याचा आनंद व्हावा हे योग्यच आहे.

याच काळातील आणखी एक घटना लक्षात घेतली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा करात कपात झाली. लहान मोटारी, मोठे दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे यांवरील कर उतरला. संसारी माणसास त्याचा दिलासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मागणी सतत वाढती राहावी हेच ज्या अर्थव्यवस्थेचे सूत्र, तिच्यात राहून कामनात्यागाचे श्लोक म्हणणाऱ्या गृहस्थाने त्यांचा कोणता अर्थ घ्यावा?

याचे उत्तर दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ-लक्षणांत आहे. त्यातील ६२ व ६३ या श्लोकांत अधःपाताच्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश. यातील पहिली पायरी वस्तूची नसून वस्तूच्या चिंतनाची आहे, आणि त्यासाठी ईश्वरचिंतनास लावतो तोच 'ध्यान' हा शब्द तेथे योजिला आहे. आजच्या जाहिरातदाराने हे मर्म अचूक हेरले आहे. एकदा पाहिलेली वस्तू भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो पुनःपुन्हा आणून ठेवतो. विषयांचे ध्यान आपल्याकडून आता करवून घेतले जाते. मग हप्त्याने खरेदी होते, हप्ते थकतात आणि घरात चिडचिड सुरू होते. कामनेतून क्रोध कसा उपजतो, हे समजण्यास यापरते भाष्य नको.

तथापि गीता गृहस्थास घर सोडावयास सांगत नाही. रागद्वेष जिंकून विषयांत वावरणाऱ्यास प्रसन्नता लाभते, असे ६४ व्या श्लोकाचे आश्वासन आहे. त्यासाठी चित्ताला चिंतनाचा दुसरा विषय हवा, आणि तो पठणाने मिळतो. महात्मा गांधींनी हे श्लोक आश्रमाच्या सायंप्रार्थनेत नित्य ठेविले, आणि १९४४ साली विनोबांनी सिवनीच्या तुरुंगात केवळ त्यांवरच प्रवचने केली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पारायणाची सांगता झाल्यावर एवढा एक नेम घरोघरी धरता येईल. सांजवात लावल्यावर हे दोन श्लोक अर्थासह म्हणावेत आणि आज आपले मन कोणत्या वस्तूभोवती घुटमळले, हे लहानथोरांनी स्वतःशीच पाहावे. ती वस्तू घ्यावी की न घ्यावी, याचा निर्णय दुसऱ्या दिवशी करावा. कामनेला एका रात्रीची मुदत दिली, तरी पुष्कळ कामना सकाळपर्यंत आपोआप ओसरलेल्या आढळतील.