डोह कुणाच्या बापाचा?

गळ टाकणाऱ्यांमध्ये एक अलिखित नियम मोठ्या रुबाबात सांगितला जातो: मासा दाखवावा, जागा दाखवू नये. येलदरी धरणाच्या काठावर कुणाला विचारा, ‘हे काय, इकडंच पुढं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यामागचा युक्तिवाद असा की जागा सांगितली की गर्दी होते आणि गर्दी झाली की डोह रिकामा होतो. तेव्हा तोंड बंद ठेवणारा हाच माशांचा खरा राखणदार. ऐकायला झकास आहे. पण तपासून पाहिलं तर त्यात राखण कमी आणि मालकीचा हव्यास जास्त.

मुळात मासा कुणाचा? पूर्णेवरचं हे धरण 1968 मध्ये पुरं झालं. राहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. म्हणून जलाशयात बोटुकली सोडावी लागते. ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था ती पैसे मोजून आणते, सोडते आणि वाढायची वाट पाहते. त्या माशावर रविवारी गळ टाकून बसणाऱ्यानं ‘माझी जागा’ म्हणावं, ही गंमतच. बरं, ती जागा तरी त्याला कुणी दाखवली? गाळ कुठं, खडक कुठं, बुडालेलं जुनं पात्र पाण्याखाली कुठून वळतं, हे भोयांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ. त्यांनी चहाच्या कपावर मोकळेपणानं सांगितलं आणि आमच्याकडं येऊन त्याचं गुपित झालं!

आणि डोह उजाड करतं कोण? ब्लिचिंग पावडर ओतणारा, जिलेटीन फोडणारा, तारा टाकून करंट सोडणारा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या कायद्यानंच मनाई केली आहे. ही मंडळी कुणाला पत्ता विचारत येत नाहीत. उलट ज्या डोहावर चार गळवाल्यांची रोजची ये-जा नाही, तोच त्यांच्या सोयीचा.

मोबाइलवर नकाशासकट व्हिडिओ टाकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. दोघांपुरता खडक हजारोंना दाखवण्यात कसलं ज्ञानदान? पण बसायचा खडक वेगळा आणि पाण्याचा स्वभाव वेगळा. स्वभाव सांगितलाच पाहिजे.

गंगाखेडला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकावं तर थेट पुरुषभर खोल. वर जायकवाडी, माजलगावचे दरवाजे उघडले की इथं आभाळ कोरडं असलं तरी पाणी चढतं. पोटात ठेवायची ही माहिती नव्हे.

मरळीचंही तसंच. विणीच्या दिवसांत कडेच्या गवतापाशी, उथळात, नारिंगी पिल्लांचा थवा वर येतो. हवा घेताना तेवढंच पाणी आधण आल्यासारखं बुडबुडतं. खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. नवखा नेमका तिथं गळ सोडतो. पिल्लांजवळ काही हललं की मरळ भुकेनं नव्हे, रागानं धावते आणि अडकते. काठावर फोटो निघतो. पाण्यात राखण उठली म्हणून बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात. त्या पोराला आधी कुणी सांगितलं असतं तर त्यानं गळ गुंडाळून घेतला असता. पण सांगणार कोण? राखणदार तर तोंड मिटून बसलेले!

तेव्हा नवखा विचारायला आला तर आधी त्याला ठेका कुणाकडं आहे ते सांगावं, संस्थेची परवानगी घ्यायला लावावी. मग धोक्याच्या जागा दाखवाव्यात, मरळीचे दिवस सांगावेत, गाळ आणि खडक ओळखायला शिकवावं. बसायचा खडक तेवढा त्याचा त्यानं हुडकावा. चार दिवस उन्हात फिरला की सापडतो.