विद्रावकाचा जमाखर्च

बंद पात्रात अल्कोहॉल तापवीत गेले असता एका विशिष्ट तापमानास द्रव आणि वाफ यांमधील सीमाच नाहीशी होते, असे शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकास १८२२ मध्ये आढळून आले. टॉमस अँड्रूझ यांनी १८६९ मध्ये या अवस्थेस ‘क्रांतिक बिंदू’ असे नाव दिले. या बिंदूपलीकडील, म्हणजे अतिक्रांतिक, विद्रावक द्रवाप्रमाणे पदार्थ विरघळवितो आणि वायूप्रमाणे सूक्ष्म रंध्रांत शिरतो. लाकूड किंवा पेंढा यांतील सेल्युलोज व लिग्निन यांची घट्ट वीण त्याच्यापुढे उसवते आणि दाट, काळसर तेल हाती येते.

या तेलाचे प्रमाण सांगताना मात्र एक गोष्ट पुष्कळदा झाकली जाते. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४° से. व २२१ बार दाब येथे, तर एथिल अल्कोहॉलचा २४१° से. व सुमारे ६१ बार येथे आहे. अर्थात अल्कोहॉल सोयीचे वाटते. लिग्निनच्या तुटलेल्या तुकड्यांशी संयोग पावून ते त्यांना पुन्हा एकमेकांस चिकटू देत नाही, त्यामुळे कोळसाही कमी होतो. पण संयोग पावलेले अल्कोहॉल परत मिळत नाही. त्याचे वजन तेलाच्या वजनात मिसळते. उसने आणलेले धान्य खळ्यावरच्या राशीत मोजून पीक भरघोस आले म्हणावे, तशातलाच हा प्रकार. शिवाय अल्कोहॉल हे स्वतःच मोटारीस चालणारे इंधन आहे! पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झालेला कारखाना विकरांच्या साहाय्याने भाताच्या पेंढ्यापासून तेच तयार करण्यासाठी उभारला गेला. असे श्रमाने मिळविलेले अल्कोहॉल दुसऱ्या पेंढ्यावर खर्चावयाचे, तर त्याचा थेंबन्‌थेंब खर्ची टाकलाच पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, आणि ओला माल वाळविण्याचेही कारण पडत नाही. अडचण वेगळी आहे. अतिक्रांतिक पाण्यात क्षार जवळजवळ विरघळत नाहीत. ते नळ्यांत साचून मार्ग रोधतात, आणि पात्राचा धातूही झिजतो. म्हणूनच पुष्कळ अभियंते क्रांतिक बिंदूच्या अलीकडेच, ३०० ते ३५० अंशांवर, दाबाखालील द्रवरूप पाणी वापरणे पसंत करतात. त्यात कमीपणा नाही. अल्कोहॉलच्या पुरस्कर्त्यांनी तेलाच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: पात्रात अल्कोहॉल किती घातले, आणि किती परत आले.